उदबत्ती घेऊन वारा शोधणारे साहेब

सांगलीच्या आमच्या वीज कार्यालयात एक साहेब होते. ते पेटलेली उदबत्ती हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस भाविक आहे, दिवसाची सुरुवात देवाच्या नावानं करतोय. मी आपली काउंटरवरून उठले आणि हातही जोडले. ते माझ्या टेबलाशी आले, उदबत्ती माझ्या नाकासमोर धरली आणि धुराकडं टक लावून बघत राहिले. धूर सरळ वर गेला आणि छताखाली घुटमळत बसला. साहेबांचा चेहरा पडला.

"ताई," ते म्हणाले, "तुमी इथं जिवंत कशा राहिलाय?"

तर हे साहेब वारा शोधायचे. धूर कुठं वळतो, कुठं अडतो, कुठल्या कोपऱ्यात मरतो, ते बघायचे आणि तिथं भिंतीवर खडूनं बाण काढायचे. बिल भरायला आलेल्या लोकांना हे काय ठाऊक? एका आजोबांनी उदबत्तीला नमस्कार करून साहेबांच्या तळहातावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं. साहेबांनी ते कपाळाला लावलं, "बरं होईल" म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. तेव्हापासून आम्ही त्यांना उदबत्तीसाहेब म्हणायला लागलो. तोंडावर नाही अर्थात, पण त्यांना ठाऊक होतं. एकदा फोनवर स्वतःच म्हणाले, "हां बोला, उदबत्ती बोलतोय."

दुसरी सवय भिंतींना हात लावायची. लेकराच्या कपाळाला लावतो तसा उलटा हात ते भिंतीला लावायचे आणि म्हणायचे, "हिला ताप हाय." दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की तो झटकन मागं घ्यायचे आणि खरोखरच कळवळायचे. आमचा शिपाई तात्या हसून हसून बेजार व्हायचा. "साहेब, क्रोसिन देऊ का हिला?" "हस लेका," साहेब म्हणायचे, "तू तिच्याच पोटात बसतोस दिवसभर."

साहेब मूळचे जावळी खोऱ्यातल्या मेढ्याचे. तारा-खांबांचे नव्हेत, इमारतींचे इंजिनिअर. वरिष्ठांसमोर शुद्ध बोलायचे, खूश झाले किंवा चिडले की जावळीचं पाणी उसळायचं. स्वतःच्या केबिनमध्ये ते बसलेले मी कधी पाहिलं नाही. जिन्याच्या वळणावर एक पायरी त्यांनी धरली होती, तिथंच फायली, तिथंच डबा. "इथं वारा हाय," म्हणायचे. सही हवी असेल तर तुम्ही पण त्या पायरीवर बसायचं. आमच्या महिला कर्मचाऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, पण दुपारच्या वेळी अख्ख्या इमारतीत तीच एक जागा बसण्याजोगी आहे हे कळल्यावर सह्यांची गर्दी अचानक वाढली.

खरं सांगायचं तर आमची इमारत मूळची गुणाची. काळ्या दगडाची, जाड भिंतींची, उंच छताखाली झरोके. पण दर साहेबानं येताना काहीतरी बसवलं आणि जाताना तसंच ठेवून गेला. एकानं झरोक्यांवर प्लाय ठोकलं, कारण एसीची गार हवा बाहेर जाते. दुसऱ्यानं फॉल्स सीलिंग टाकलं, कारण उंच छत जुनाट दिसतं. तिसऱ्यानं तर पश्चिमेच्या हॉलची भिंत फोडून काच बसवली, कारण त्यांनी पुण्यात तसं बघितलं होतं. पश्चिमेला काच! सांगलीच्या उन्हाळ्यात! त्या हॉलमध्येच माझा काउंटर आणि ग्राहकांची बाकडी. दुपारी तिथं चुरमुऱ्याची भट्टी लागायची आणि त्यात आम्ही फुटायचो. मग एसी. एक पुरेना म्हणून दुसरा, दुसरा पुरेना म्हणून चौथा. आणि बाहेर आमचाच बोर्ड : विजेची बचत करा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझं काम होतं लोकांच्या छतावरच्या सोलरचे अर्ज घेणं. रोज शिक्के मारून माझं मनगट दुखायचं. एक दिवस साहेब मला हाताला धरून म्हणतात तसं गच्चीवर घेऊन गेले. मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं, फुटके इन्सुलेटर, कबुतरं. "ताई, गावाला सोलरची मंजुरी देता. आपला अर्ज कवा घेताय?" मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वेडा आहे का तो?" मी म्हटलं, "आहे. पण बरोबर आहे."

आता मुख्य गोष्ट. त्या हिवाळ्यात मुंबईच्या मुख्य कार्यालयातून कळवण्यात आलं की आमचं ऑफिस बायपासवरच्या एका नव्या काचेच्या इमारतीत भाड्यानं जाणार आणि ही जुनी इमारत पाडणार. कारण काय, तर ही फार वीज खाते, फार तापते, आणि आजच्या काळाला धरून नाही. आमचे मोठे साहेब, म्हणजे ह्या कार्यालयातले सर्वांत वरचे अधिकारी, ते आनंदले. त्यांनी तिथली केबिनसुद्धा बघून ठेवली होती. बाकीचे म्हणाले, होऊ द्या. मला मात्र ते पटेना. माझ्या बाकड्यावर येणारी निम्मी माणसं म्हातारी. हळद पेठेतून चालत येणारी, नदीकाठच्या गल्लीतून काठी टेकत येणारी. ती बायपासला कशानं जाणार?

उदबत्तीसाहेब तडक मुंबईला गेले. तिथं काय बोलले ते त्यांनीच आम्हाला पायरीवर बसून करून दाखवलं, मुंबईच्या साहेबांच्या आवाजासकट. "म्हटलं, साहेब, जन्मभर नव्या इमारती बांधल्या. चौकोनी खोकी. एकीत पण उन्हाळ्यात बसवत नाही, मीच बांधल्यात, मला माहीत. आता रिटायर व्हायला आलो, जाता जाता एक जुनी वाचवू द्या. एक उन्हाळा द्या मला. एप्रिलअखेर दुपारी तुम्ही स्वतः या, सगळे एसी बंद ठेवतो, आमच्या पश्चिमेच्या हॉलमध्ये ग्राहकांच्या बाकड्यावर बसा. बसवलं नाही तर पाडा, पहिली कुदळ मी मारतो."

"मग?" आम्ही सगळे.

"मग काय. 'या' म्हणाले. 'येतो' म्हणाले."

तात्यानं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू!

साहेब हे सगळं शिकले कुठून असं विचाराल तर तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. एका रविवारी त्यांनी मला आणि तात्याला एसटीत घातलं आणि तिकडं नेलं. द्राक्षं जाळ्यांवर पसरलेली, वर पत्रा, बाजूनं हिरव्या जाळीचे पडदे. साहेब दोन रांगांच्या मधे जाऊन डोळे मिटून उभे राहिले. शेडचा मालक गोंधळला.

"साहेब, माल बघायचाय का भाव?"

"वारा बघायचाय."

"आवं, वारा काय इकायला न्हाई आमच्याकडं."

"म्हणूनच बघायला आलोय," साहेब म्हणाले आणि उदबत्ती पेटवली. धूर कसा मजेत वाहत निघाला म्हणून सांगू! साहेब त्याच्या मागं मागं, आम्ही साहेबांच्या मागं मागं. मालकानं समजावलं, द्राक्षाला थेट ऊन लागलं की बेदाणा काळवंडतो, म्हणून त्याला सावलीही पाहिजे आणि वारंही पाहिजे. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "आमच्या ग्राहकांना बी तेवढंच पाहिजे. आमी इतकी वर्षं त्यांचा बेदाणा केला, तो बी काळा." परतीच्या एसटीत ते लहान मुलासारखे बडबडत होते. काचेच्या बाहेर हातभर जागा सोडून जाळी. झरोके मोकळे. ते खोटं छत खाली. गच्चीवर चुना. पहाटे खिडक्या उघडून दगड गार करून घ्यायचे आणि ऊन चढलं की खालच्या झाकून वरचे झरोके उघडे ठेवायचे. आमच्या पुढच्या सीटवरची बाई मागं वळून म्हणाली, "आवं, माझं घर बी तापतंय वो." तिला सांगता सांगता साहेबांचा आणि आमचा उतरायचा स्टॉप गेला.

पण ऑफिसातली माणसं म्हणजे एसटीतली बाई नव्हे. एसी बंद करा म्हटलं की लगेच कुणाला बीपी, कुणाला दमा. साहेबांनी विनवण्या केल्या, नकाशे काढले, उदबत्त्या जाळल्या. कोण ऐकतंय! साहेब एसीचं बटण बंद करून वळले की मागं कुणीतरी चालू करायचं. मार्च उजाडला, हॉल होता तसाच. तेव्हा साहेबांच्या डोक्यात एक नको ती कल्पना आली.

हे समजायला आमच्या खात्याची एक रीत सांगायला हवी. लाईनमन परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घेऊन खांबावर चढतो तेव्हा खाली स्विचला एक लाल पाटी अडकवतात : "लाईनवर माणसं काम करत आहेत. चालू करू नये." ती पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. दुसरा कुणीही हात लावत नाही, अगदी सर्वांत मोठा अधिकारी असला तरी. कारण वर कुणाचातरी जीव असतो. आमच्याकडं शिव्या मोडतात, नियम मोडतात, सुट्ट्या मोडतात, पण ती पाटी कुणी मोडत नाही.

साहेबांनी ती पाटी आमच्या एसींच्या मुख्य स्विचला अडकवली.

काय सांगू! मोठे साहेब येऊन स्विचसमोर उभे राहिले, पाटी वाचली, रुमालानं मान पुसली आणि परत गेले. बीपीवाले, दमेवाले, सगळे गुमान बसले. कुणी विचारलंसुद्धा नाही की वर नेमकं कोण आहे. दिवस गेले तसे लोकांनी आपणहून खिडकीसमोरची कपाटं सरकवली. कुणी झरोक्याचं प्लाय उचकटलं. साहेब पायरीवर बसून मिशीत हसायचे. मलाही मजा वाटत होती, अगदी उकाड्यातही.

आणि मग सारिका आली.

सारिका म्हणजे आमच्या लाईनवरची पोरगी. तासगावाकडची, अंगानं काटक, जिभेनं त्याहून. खांबावर अशी चढायची की खाली उभ्या पुरुषांची तोंडं उघडी राहायची. ती कशाचातरी अर्ज द्यायला आत आली, स्विचपाशी थबकली आणि म्हणाली, "वर कोण हाय?"

सगळ्यांनी माना फायलींत घातल्या.

"मी इचारती, लाईनवर कोण हाय? परमिट कुणाच्या नावानं हाय?"

तात्यानं हळूच सांगितलं, कुणी नाही, ते आपलं साहेबांनी... सारिकानं पाटीला हात लावला नाही. ती तिथंच जमिनीवर मांडी घालून बसली. "ज्यानं लावली त्याला बोलवा."

साहेब जिन्यावरून हसत हसत उतरले, तिचा चेहरा बघितला आणि हसू गेलं.

"साहेब," ती म्हणाली, बसूनच, "तुमच्या कामाबद्दल मला काय बोलायचं न्हाई. चांगलं आसंल. पण ही पाटी खोटी लावायची नसती. आज हितं लोकांना कळलं की पाटी हाय पण वर माणूस न्हाई. उद्या कुणीतरी माझ्या पाटीकडं बघून म्हणंल, हां, आसंल उदबत्तीवानी. आन् स्विच दाबंल. तवा मी वर आसणार, साहेब. तुमी न्हाई."

साहेब पुढं झाले. स्वतःच्या हातानं त्यांनी पाटी काढली. मग एवढ्या बाकडीभर लोकांसमोर, मोठ्या साहेबांसमोर, त्या पोरीपुढं हात जोडले. "चुकलो, सारिका. लय मोठी चूक झाली." आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, "ही पाटी मी खोटी लावली होती. ह्यापुढं आपल्या खात्यात अशी पाटी दिसली तर ती खरीच असंल, हे माझ्यावर विश्वास ठेवून नको, हिच्यावर ठेवून लक्षात ठेवा."

मोठ्या साहेबांनी त्याच क्षणी एसी लावले, चारीच्या चारी. हॉल गार झाला. साहेब पायरीवर जाऊन बसले, डबा उघडला नाही, उदबत्ती पेटवली नाही. मला वाटलं, संपलं. बायपास आता नक्की.

सारिका निघताना पायरीपाशी थांबली. "साहेब, पाटी खोटी नको म्हणलं मी. काम खोटं म्हणलं व्हय? काय करायचंय ते नीट सांगा की."

साहेबांनी सांगितलं. काचेबाहेर जाळी बांधायचीय, मंडपवाल्याला विचारलंय, तो पुढच्या महिन्याचं सांगतोय.

"मंडपवाला?" सारिकानं कपाळावर हात मारला. "आवं, आपल्या यार्डात जुनं लोखंडी खांब पडल्यात. आपल्यापरास सरळ खांब कोण हुबा करतंय ह्या जिल्ह्यात?"

आणि दुसऱ्या दिवशीपासून काय धमाल उडाली! ड्युटी संपली की लाईनवरची माणसं यायची. खड्डे घेतले, भंगारातले खांब उभे केले, ताण दिले, तारा ओढल्या. आयुष्यभर ह्या लोकांनी गावाला खांब लावले होते, स्वतःच्या ऑफिसला पहिल्यांदाच लावत होते, तेव्हा थट्टा-मस्करीला ऊत आला होता. तासगावहून हिरवी जाळी आली, आणि ती वाऱ्यानं फडफडू नये म्हणून खालच्या कडेला गच्चीवरचे चिनी मातीचे जुने इन्सुलेटर वजन म्हणून टांगले. पांढरे पांढरे, ओळीनं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मोकळ्या केलेल्या गच्चीवर आम्ही बायकांनी पदर खोचून चुना आणि फेविकॉल कालवून फासला. हात भाजले, साड्या गेल्या, पण बाई, काय हसलो त्या दिवशी! मग तिथं सोलरची पॅनेलं चढली. अर्ज मी घेतला, शिक्का मी मारला आणि मंजुरीचा कागद साहेबांना पायरीवर नेऊन दिला. खोटं छत उतरवलं तेव्हा वर जुनं सागवानी छत निघालं आणि हॉल एकदम एवढा उंच झाला की लोक आत आल्यावर उगीचच हळू बोलायला लागले. आणि गंमत म्हणजे एसी आपोआप बंद पडत गेले. म्हणजे बिघडले नाहीत, लावायचेच राहून जायचे. एका दुपारी मोठ्या साहेबांनी विचारलं, "आज लाईट नाही का?" तात्या म्हणाला, "आहे की साहेब. तुम्हाला एसी हवाय का?" मोठ्या साहेबांनी वर झरोक्यांकडं बघितलं. "असू दे," म्हणाले.

एप्रिल संपत आला आणि मुंबईची समिती आली. दोघेच जण, पण रुबाब दहांचा. प्रमुख म्हणजे साहेबांना 'येतो' म्हणालेले तेच, जाडसर, गोरे, घाम पुसत उतरले. त्यांनी सोबतच्या सदस्याला बायपासची काचेची इमारत बघायला पाठवलं आणि स्वतः येऊन बसले, शब्दाला जागून, ग्राहकांच्या बाकड्यावर, एका हळदवाल्या शेठजींच्या शेजारी. साहेब समोर उभे. सारिका दारात. मी काउंटरवर.

पहिला तास झकास गेला. प्रमुखांनी रुमाल खिशात ठेवला. दगडी भिंतीला हात लावून बघितला. शेठजींशी हळदीच्या भावावर बोलले. मोठे साहेबसुद्धा माझ्याकडं बघून भुवया उडवायला लागले.

आणि मग वारा पडला.

अवकाळीच्या आधी पडतो तसा, एकदम. जाळी निश्चल. झाडाचं पान हलेना. हॉल हळूहळू कोंदायला लागला. प्रमुखांचा रुमाल पुन्हा निघाला, मानेवर गेला, कपाळावर गेला. मोठे साहेब उदबत्तीसाहेबांच्या कानाशी लागले, "लावू का एसी? थोडाच वेळ. कळणार नाही."

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली आणि सरळ प्रमुखांसमोर जाऊन म्हणाले, "साहेब, वारा पडलाय. आता हॉल तापणार. वारं असलं तर ही इमारत गार राहते, नसलं तर अशी होते. झाकून काय करू."

प्रमुखांनी काहीतरी टिपून घेतलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. अरे, जरा थांबायचं होतं, जरा गोड बोलायचं होतं! पण गोड बोलणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

मग पश्चिमेकडून धूळ उठली. आभाळ तांबूस झालं आणि असलं वादळ सुटलं की रस्त्यावरचे फलक उडाले. कुठंतरी झाड कोसळल्याचा आवाज आला. खांब मात्र जागचे हलले नाहीत, जाळी तशीच ताणलेली, इन्सुलेटर एकमेकांवर किणकिणत होते. आणि लाईट गेली. एक-दोन गल्ल्यांची नव्हे, निम्म्या शहराची. आमच्या सोलरची पण, कारण लाईन गेली की तेही नियमानं बंद होतं, खांबावरच्या माणसाच्या जिवासाठी. सारिका केव्हाच गाडी काढून लाईनवर पळाली होती.

वीज कंपनीची खरी परीक्षा वीज गेल्यावर असते. फोन वाजायला लागले आणि पाठोपाठ माणसं यायला लागली. दवाखान्यातला माणूस, ज्याचा जनरेटर सुरू होईना. कोल्ड स्टोरेजवाला, ज्याचा बेदाणा आत अडकला होता. पिठाच्या गिरणीवाला. घरात ऑक्सिजनचं मशीन चालू असलेल्या वडिलांची मुलगी. हॉल भरला. कॉम्प्युटर बंद. पण अंधार? अंधार नव्हता! झरोक्यांतून उजेड उतरत होता आणि वादळाचा गार वारा सगळ्या हॉलमधून असा वाहत होता की कागदांवर वजनं ठेवावी लागली. साहेबांनी टेबल दाराशी ओढलं, रांग लावली आणि पेनानं तक्रारी लिहून घ्यायला लागले. दवाखाना आणि ऑक्सिजनवाली मुलगी सगळ्यांत आधी. भाग विचारायचे, चिठ्ठी करायचे, मी फोनवरून लाईनच्या माणसांना सांगायचे. तात्या पाणी वाटत होता. जुनी रीत, पण काय सुरेख चालली होती!

एवढ्यात माझ्या फोनवर आवाज आला, "मी समितीचा सदस्य बोलतोय. बायपासच्या इमारतीत लिफ्टमध्ये अडकलोय. सगळीकडं अंधार आहे. फार उकडतंय हो."

मी फोन प्रमुखांकडं दिला. ते ऐकत राहिले. "धीर धरा," एवढंच म्हणाले. मग उठले, बाह्या दुमडल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "मॅडम, मला काहीतरी द्या करायला." मी गल्ल्यांची नावं वाचायला दिली. त्यांना एकही गल्ली माहीत नव्हती, पण आवाज खणखणीत होता.

संध्याकाळ होत आली. एकेका भागात दिवे लागल्याचे फोन यायला लागले, दवाखाना चालू झाला, लिफ्टमधले गृहस्थही सुटले. प्रमुख उठून साहेबांच्या टेबलाशी गेले.

"मला तुमच्याशी बोलायचंय."

साहेबांची मान खाली, पेन चालू. "रांगेत या."

"अहो, मी..."

"आवं ओ," मागून एक म्हातारी ओरडली, "आमी काय येडी हाय व्हय हुबी ऱ्हायलेली? मागं जावा."

मोठ्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. प्रमुख मात्र रांगेच्या शेवटाकडं निघाले. त्या म्हातारीनं आपल्या पुढं त्यांना जागा दिली, "या हितं, दमलेलं दिसताय," म्हणत. ते उभे राहिले. एकेक जण पुढं सरकत राहिला. आम्ही सगळे बघत होतो आणि साहेबांना पत्ताच नव्हता.

त्यांचा नंबर आला.

"तक्रार?" साहेब.

"तक्रार नाही. ही इमारत पाडायची नाही. ऑफिस इथंच राहणार. लिहून घ्या."

साहेबांनी लिहायला सुरुवात केली. "ग्राहक क्रमांक?"

मग पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. प्रमुखांकडं बघितलं, छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पेन माझ्यासमोर धरलं. "ताई, तुमी लिवा. मला दिसंना झालंय."

मी लिहिलं. माझंही अक्षर धड आलं नाही. तात्या एका कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता आणि मोठे साहेब, विश्वास ठेवा, टाळ्या वाजवत होते.

"झालं का लिवून?" म्हातारीनं प्रमुखांना कोपरानं बाजूला सारलं. "मग सरका की. माझी लाईट कवा येणार, त्ये कोण सांगणार?"

साहेबांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, माझ्या हातातून पेन परत घेतलं आणि कागद पुढं ओढला.

"बोला आजी. कुठली गल्ली?"